उसातले पाणी

साखर कारखाना आपण पाहिला असेल. हंगाम लागला की गव्हाणीत मोळ्या पडतात, धुराडे धुमसू लागते. तोडणीवाले, गाडीवान, दुकानदार, साऱ्यांच्या चुली त्या धुराड्यावर पेटतात. हा कारखाना कशावर चालतो? यंत्रावर, असे आपण म्हणू. खरे म्हणजे तो पावसावर चालतो.

२०१८ साली पावसाने ओढ दिली. सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. उभा ऊस वाळला. पुष्कळ ऊस जनावरांच्या चाऱ्याला गेला. पुढच्या वर्षी, २०१९ च्या ऑगस्टात, कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला. शेंडा पाण्याखाली राहिला की ऊस कुजतो. मग कारखान्याने गाळायचे काय? २०१८-१९ च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे १०७ लाख टन साखर झाली होती. पुढच्या हंगामात ती सुमारे ६२ लाख टनांवर आली. यंत्रे तीच, माणसे तीच. ऊसच नव्हता!

दुष्काळ आणि पूर पूर्वीही येत. मग आता काय बदलले? माणसाने कोळसा आणि तेल भरमसाट जाळले. त्यातून निघालेला वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखा साठला. ऊब आत अडकली, हवा तापली. तापलेली हवा जास्त वाफ धरते. म्हणून पाऊस कोसळला तर एकदम कोसळतो. त्याने ओढ दिली तर जमीन लवकर सुकते.

मग कपाळाला हात लावून बसायचे का? नाही. शंभर किलो उसात सुमारे सत्तर किलो पाणीच असते. रस आटवताना त्याची वाफ होते. ती वाफ थंड करून धरावी, ते पाणी स्वच्छ करावे. मग कारखान्याला तेच पुन्हा वापरता येते. नदीवरचा भार हलका होतो. चिपाड जाळून वीज होते, कोळसा वाचतो.

आपल्यालाही काम आहे. पाटाने पाणी सोडण्यापेक्षा ठिबक लावावे. पाचट जाळू नये, सरीत पसरावे, ओल टिकते. पाणी साचणाऱ्या रानात चर काढावेत.

शेत आणि कारखाना हे एका मोटेला जुंपलेले दोन बैल आहेत. एक अडला, की पाणी वर येत नाही.

विचार करा, सांगा :
१. ऊस कमी झाला तर गावात कोणाकोणाचे काम बुडते?
२. तुमच्या रानातले पाचट तुम्ही काय करता?