मोरीचीं जुनीं हत्यारें : ओळख व उपयोग

कुर्ल्यांतील भंगाराच्या दुकानांत किंवा घरच्या माळ्यावरील जुन्या पेटींत कधीं कधीं अशीं हत्यारें हातीं लागतात कीं, त्यांचें नांव कोणासच सांगतां येत नाहीं. मग तीं वजनावर विकलीं जातात. परंतु हत्याराचें तोंड नीट न्याहाळलें, तर तें कोणत्या धातूसाठीं व कोणत्या हालचालीसाठीं घडविलें आहे, हें बहुधा ओळखतां येतें. मोरी व बेसिन यांच्या निचऱ्याचीं हत्यारें घेऊन आज हा धडा शिकूं.

१८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें मुंबईस मिळूं लागलें. त्याच तलावाचें ओसंडलेलें पाणी घेऊन मिठी नदी कुर्ल्यावरून वाहते. घरांत नळ आला, तसा वापरलेलें पाणी बाहेर नेण्याचा प्रश्नही आला. निचऱ्याची नळी सरळ ठेवली, तर पाणी जाईल खरें. पण गटाराचा दुर्गंध त्याच वाटेनें घरांत शिरेल. म्हणून नळीस बांक देतात. बांकांत थोडें पाणी सदैव साचून राहतें व तेंच दाराचें काम करितें. अलेक्झांडर कमिंग नांवाच्या स्कॉटिश घड्याळजीनें १७७५ सालीं शौचकूपासाठीं अशा वांकड्या नळीचें पेटंट घेतलें. जमिनीवरील मोरींत ह्याच कामासाठीं बसविलेल्या पात्रास आपल्याकडील इंग्रजी स्थापत्यग्रंथही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीशीं त्या शब्दाचें नातें उघड आहे. पाण्याचा हा पडदा साधारणतः ५० मिलिमीटर खोल असतो. मोरी बरेच दिवस न वापरल्यास तो आटतो व घाण येते. त्यावर उपाय हत्यार नव्हे. एक तांब्या पाणी पुरे!

आतां हत्यारांकडे वळूं. लॅटिन भाषेंत शिशास ‘प्लंबम’ म्हणतात. त्यावरूनच ‘प्लंबर’ हा शब्द आला, कारण पूर्वीं नळ्या शिशाच्या असत. शिसें मऊ, लोखंडानें ठोकल्यास तें चेंबतें. म्हणून त्याचीं कित्येक हत्यारें लांकडाचीं. चपटी, गुळगुळीत थापी मिळाली, तर ती शिशाचा पत्रा व नळी यांस आकार देण्याची समजावी. भोंवऱ्यासारखा लांकडी ठोकळा नळीचें तोंड रुंद करण्यासाठीं असे. दांड्यास त्रिकोणी पातें असलेली खरवडणी डाक देण्यापूर्वीं नळी घांसण्याच्या कामीं येई. मात्र शिसें विषारी आहे. जुनी शिशाची नळी मुलांनीं खरवडूं नये व तिला हात लागल्यास साबणानें धुवावा.

लोखंडी नळ्या आल्या, तसे हत्यारास दांत आले. डॅनिएल स्टिलसन ह्या अमेरिकन गृहस्थानें १८६९ सालीं पेटंट घेतलेला पाईप-पाना आजही वापरांत आहे. त्याचा वरचा जबडा किंचित् सैल असतो. तो सैलपणा दोष नसून युक्ति आहे : दांडा ओढावा तसतशी पकड घट्ट होते. दांडा जबड्याच्या उघड्या बाजूकडे ओढावा. उलट ओढल्यास पकड सुटते. चकचकीत पितळी नटावर हा पाना लावूं नये, दांतांचे व्रण उमटतात. तेथें सपाट तोंडाचा पाना घ्यावा. लांब दांडीच्या टोंकास लहानसा, फिरता जबडा दिसला, तर तो बेसिनमागील अडचणींतले नट फिरविण्याचा पाना होय.

निचरा तुंबल्यास प्रथम सौम्य उपाय करावा. लांकडी दांड्याची रबरी वाटी छिद्रावर ठेवावी, ती बुडेल इतकें पाणी घ्यावें, बेसिनचें वरचें छिद्र ओल्या फडक्यानें बंद करावें व दांडा सरळ खालींवर करावा. एवढ्यानें न भागल्यास खालीं बादली ठेवून बांकाचें बूच उघडावें. त्यानंतर स्प्रिंगची लवचिक तार गोल फिरवीत आंत सारावी. बांबूची कामटी सरळ गटारास ठीक; बांकांत ती मोडून अडकते. तेजाब ओतूं नये. तें ओतल्यावर कोणीं बूच उघडल्यास हात व डोळे भाजतात, आणि तें ब्लीचिंग पावडरींत मिसळल्यास विषारी क्लोरीन वायु निघतो.

ह्या सर्व हत्यारांचा हेतु एकच : मनुष्याचा हात घाणींत जाऊं नये. तरीही आपल्या देशांत कित्येक बांधवांस गटारांत उतरून प्राण गमवावे लागले. हातानें मैला साफ करविण्यास व संरक्षणावांचून गटारांत उतरविण्यास बंदी करणारा कायदा २०१३ सालीं झाला. पण कायद्याचें अर्धें काम घरच्या मोरीपाशीं आहे. तेल, भाताची शितें, केंस व प्लास्टिक आपण जाळीवरच अडविलें, तर पुढें कोणास तें उपसावें लागणार नाहीं. प्रभु येशूनें शिष्यांचे पाय स्वतः धुतले. स्वच्छतेचें काम हलकें नव्हे, हा त्यांतील बोध. तेव्हां पुढच्या वेळीं माळ्यावर गंजलेला पाना सांपडला, तर तो विकण्यापूर्वीं त्याचें तोंड पाहा, आणि तो ज्या हातांनीं चालविला त्यांचें स्मरण करा.