गोल रुमाल रिंगेत कसा बसवावा

दारव्ह्याच्या भोवती काळी जमीन आहे आणि त्या जमिनीत कपाशी आहे. हा कापूस वाहून न्यायला इंग्रजी अमदानीत यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची रेल्वे घातली. ती दारव्ह्यावरून जाई. लोक तिला शकुंतला म्हणत. ती गाडी आता बंद आहे. पण कापूस अजून गावाबाहेर जातो, आणि दोरा होऊन दुकानात परत येतो. त्या दोऱ्याला आपण पैसे मोजतो. तेव्हा त्याचे काम नीट झाले पाहिजे, आणि कामाचा दामही नीट आला पाहिजे.

क्रोशा हा मूळचा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ लहान आकडा. सुईच्या टोकाला असतो तोच. या सुईने आपल्याकडे ताटावरचे रुमाल, तोरणे, पडद्यांच्या झालरी होत आल्या. लग्नाच्या रुखवतात तर क्रोशाचे काम असायचेच. आता पाकळ्यापाकळ्यांचा गोल रुमाल रिंगेत ताणून भिंतीवर लावतात. त्याला मंडल म्हणतात. मंडल म्हणजे गोल. तलाठ्याच्या वर मंडळ अधिकारी असतो ना, त्यातला शब्दही हाच.

रुमाल रिंगेत बसण्याआधी तो सपाट हवा. पुष्कळ बाया इथेच अडतात. ‘काहून वं, हे वाटीसारखं काहून झालं?’ असे एकमेकींना विचारतात. कारण साधे आहे. गोल वाढतो तसा त्याचा घेर वाढतो, म्हणून प्रत्येक फेरीत टाके वाढवावे लागतात. खांबांचे काम असेल तर बाराचा पाढा धरावा. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८. बाराव्या फेरीला १४४. टाके कमी पडले की रुमालाची वाटी होते. जास्त झाले की कडेला चुण्या पडतात. थोडी वाटी असेल तर ती ताणल्यावर निघते. चुण्या मात्र रिंगेत घालून जात नाहीत. त्या दिसल्या की फेरी उसवावी. उसवायला जीव होत नाही हे आम्हांला ठाऊक आहे, पण दुसरा उपाय नाही.

विणून झाल्यावर रुमाल साध्या साबणाने धुवावा. सुती दोरा पहिल्या पाण्यात थोडा आटतो. रिंगेत बसवल्यावर आटला तर रिंग वाकते नाहीतर दोरा तुटतो. धुतलेला ओला रुमाल गादीवर जुने धोतर पसरून त्यावर ठेवावा, हाताने गोल करावा आणि पाकळीपाकळीला टाचणी लावावी. टाचण्या न गंजणाऱ्या घ्याव्या. सावलीत वाळू द्यावा. काही जणी साबुदाण्याची पातळ खळ देतात. काम कडक होते खरे, पण खळीला कसर लागते. नीट ताणलेल्या कामाला खळ लागतच नाही, असे आमचे मत आहे.

आता रिंग. भरतकामाची लाकडी रिंग दुहेरी असते. कापड दोन कड्यांमध्ये धरून स्क्रू आवळतात. क्रोशाचे काम असे धरता येत नाही. ते जाळीदार, कुठे जाड कुठे पातळ. म्हणून सरकते आणि कडेच्या पाकळ्या दबतात. यासाठी एकच कडे घ्यावे आणि रुमाल त्याला दोऱ्याने बांधावा. बुरुडाकडून बांबूच्या कामटीचे गुळगुळीत कडे करून घेतले तरी चालते. लोखंडी कडे असेल तर त्यावर आधी कापडाची पट्टी घट्ट गुंडाळावी, नाहीतर गंजाचे डाग पांढऱ्या दोऱ्यावर उतरतात.

रुमाल रिंगेपेक्षा लहान हवा. रिंग आतून ३० सेंटीमीटर असेल तर रुमाल साधारण २७ सेंटीमीटरचा असावा. बरोबरीचा घेतला तर तो ताणला जात नाही, चार दिवसांत मध्ये झोल पडतो.

रुमालाला १२ पाकळ्या आहेत असे धरू. रिंगेवर १२ खुणा सारख्या अंतरावर हव्यात. रिंगेची रुंदी ३० सेंटीमीटर. तिला ३.१४ ने गुणले की घेर निघतो : ९४.२. त्याला १२ ने भागले की ७.८५. म्हणजे आठ सेंटीमीटरला थोडे कमी. टेपने मोजून पेन्सिलने खुणा कराव्या. गुणाकार नको असेल तर रिंगेएवढा गोल कागद कापावा. त्याची अर्धी घडी घालावी, मग पुन्हा अर्धी, मग त्या घडीच्या तीन सारख्या घड्या. उघडला की घड्याळासारखे बारा भाग दिसतात.

बांधताना मात्र घड्याळासारखे ओळीने जायचे नाही. सायकलवाला चाकाचे तार आवळताना काय करतो ते पाहावे. एक तार इकडचा, एक समोरचा. एकाच बाजूने आवळत गेला तर चाक वाकडे होते. तसेच इथे. आधी बारा आणि सहा बांधावे, मग तीन आणि नऊ, मग मधले. पहिल्यांदा सगळीकडे सरकगाठच द्यावी. रिंग हातात धरून दूरून पाहावे. मधले फूल बरोबर मध्ये आले का? एका बाजूला ओढले असेल तर त्या बाजूची गाठ सैल करावी, समोरची आवळावी. हे दोनतीनदा करावे लागते. मग मोठ्या नाकाच्या बोथट सुईत लांब दोरा ओवून रुमालाची कड आणि रिंग यांना सगळीकडून एकसारखे वेढे द्यावे. सरकगाठी शेवटी सोडाव्या.

आता दामाचे. ‘बसल्या बसल्या तर केलं, त्याचे कायचे पैसे?’ असे घरातलेच माणूस म्हणते. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. तिथल्या बाया घरी बसून क्रोशाची लेस करतात आणि ती परदेशात जाते. मारिया मीस या बाईंनी त्यांच्यावर १९८२ साली पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दाखवले की या बायांचे काम ‘फावल्या वेळचे’ म्हणून धरले जाई, मजुरी फार थोडी मिळे आणि नफा व्यापाऱ्यांकडे जाई.

म्हणून वहीत लिहावे. समजा दोरा ६० रुपये आणि रिंग ४० रुपये, मिळून १००. काम ९ तास. रुमाल १५० ला दिला तर हाती उरले ५० रुपये, म्हणजे तासाला साडेपाच रुपये. तासाला ३० रुपये धरले तर मजुरीच २७० होते आणि किंमत ३७० निघते. गिऱ्हाईक इतके देईलच असे नाही. पण किती सोडतो आहोत हे आपल्याला कळून सोडावे. तास त्याच दिवशी लिहावेत. आठ दिवसांनी आठवून लिहिलेले तास नेहमी कमीच भरतात.

रुमाल उन्हाच्या भिंतीवर लावू नये, रंग उडतो. चुलीजवळही नको. धूळ बसली तर मऊ कुंच्याने झटकावी.

वहीत करून पाहा : रिंग ४० सेंटीमीटरची आहे आणि रुमालाला १६ पाकळ्या आहेत. दोन खुणांमध्ये अंतर किती? उत्तर वरच्या उदाहरणाइतकेच आले तर तुमचे गणित बरोबर आहे.