फलकावरची सूचना कशी वाचावी?

— द्वितीय वर्ष, कला शाखा

अक्षरे वाचता येणे आणि वाचलेले उमगणे या दोन गोष्टी एक नव्हेत. २०११ च्या जनगणनेने ज्याला साक्षर म्हटले, तो सात वर्षे व त्यावरील वयाचा आणि कोणतीही एक भाषा समजपूर्वक लिहू-वाचू शकणारा. त्या गणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के भरली. परंतु 'समजपूर्वक' या शब्दाची खरी परीक्षा पाठ्यपुस्तकात होत नाही. ती होते चावडीच्या भिंतीवर, रेशन दुकानाच्या दारावर आणि एस. टी. स्थानकाच्या फळ्यावर.

रोजच्या सूचनांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार नुसती माहिती देतो : 'उद्या पाणी येणार नाही.' दुसरा काही करावयास सांगतो : 'अर्ज कार्यालयात सादर करावेत.' तिसरा प्रकार मात्र आपल्या गप्प बसण्याचाच अर्थ लावतो. सर्वांत जपून वाचावयाची ती हीच सूचना.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे जमिनीच्या फेरफाराची नोटीस. खातेदार वारला, जमीन विकली गेली किंवा वाटणी झाली, की तलाठी (नव्या पदनामाप्रमाणे ग्राम महसूल अधिकारी) फेरफाराच्या नोंदवहीत नोंद घेतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे त्या नोंदीची प्रत चावडीत ठळक जागी लावावी लागते आणि संबंधितांना लेखी कळवावे लागते. त्या कागदाची भाषा साधारण अशी असते :

'सदर नोंदीबाबत कोणाची हरकत असल्यास ही सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत कळवावी. अन्यथा काही हरकत नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.'

या दोन वाक्यांत किती अडथळे आहेत पाहा. 'सदर' म्हणजे वर सांगितलेली. तेव्हा वरचा मजकूर न वाचता खाली येणे व्यर्थ. 'हरकत' हा शब्द बोलण्यात आपण 'काही हरकत नाही' असा सहज वापरतो. पण येथे हरकत म्हणजे 'ही नोंद मला मान्य नाही' असे सांगण्याचा आपला हक्क. 'अन्यथा' या शब्दापाशी तर थांबलेच पाहिजे. त्याच्या अलीकडे आपले काम असते आणि पलीकडे ते न केल्याचा परिणाम. 'समजून' म्हणजे कोणी विचारायला येणार नाही, तसे धरून चालले जाईल. वारसनोंदीत एखाद्या विधवेचे वा लग्न होऊन गेलेल्या लेकीचे नाव राहून गेले असेल, तर ते ध्यानात आणून देण्याची वेळ हीच. पुढे दुरुस्ती मागता येते, पण हेलपाटे आणि खर्च वाढतो.

म्हणून कोणतीही सूचना वाचताना पुढील क्रम ठेवावा :

१. सूचना कोणाची? कार्यालयाचे नाव, सही, शिक्का व जावक क्रमांक पाहावा.

२. कोणासाठी? सरकारी कागद माणसाला पुष्कळदा आकड्याने ओळखतो. जमिनीच्या कागदावर आपले नाव शोधण्याबरोबर गट क्रमांकही पाहावा. तो घरातल्या प्रत्येकास पाठ असावा.

३. केव्हापर्यंत? '१० तारखेपर्यंत' यात दहावी तारीख धरतात, '१० तारखेपूर्वी' यात नाही. '१५ दिवसांच्या आत' असे असेल तर ते दिवस कधीपासून मोजावयाचे, हे शोधावे.

४. काय करावयाचे? क्रियापद पाहावे. 'करावे' असेल तर काम आपले. 'करण्यात येईल' असेल तर काम कार्यालयाचे.

५. न केल्यास काय? येथे 'अन्यथा', 'न केल्यास', 'समजण्यात येईल' हे शब्द हेरावेत.

आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिलीच. वाडीतल्या आयाबाया कागद पुढे करून म्हणतात, "पोरी, काय लिवलंय बघ." त्यांना मजकूर घडाघडा वाचून दाखविणे पुरेसे नसते. त्यांच्या प्रश्नाचा अर्थ 'आता आम्ही काय करायचं?' असा असतो. वरील पाच प्रश्नांची उत्तरे त्यांच्या बोलीत सांगितली, तरच ते वाचन पुरे झाले.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. याच कलमानुसार फेरफारावरील हरकत तोंडीसुद्धा घेता येते. ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत नोंदवून, हरकत घेणाऱ्यास ताबडतोब लेखी पोच देणे हे तलाठ्याचे कर्तव्य आहे. म्हणजे ज्या आजीला सही करता येत नाही, तिलाही कायद्याने तोंड दिले आहे. मुदत टळण्याआधी तिला हे कळले पाहिजे, आणि 'पोच द्या' हे दोन शब्द तिच्या तोंडी बसले पाहिजेत.

विद्यार्थी मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच सात दिवसांत रोज संध्याकाळी अर्धा तास दत्तक गावाच्या फलकावरील कागद मोठ्याने वाचून, त्याचा अर्थ आपण सांगू शकणार नाही का? गुरुजनांनीही मराठीच्या तासाला वर्षातून एखादी खरी नोटीस फळ्यावर लिहून तिचे रसग्रहण नव्हे, तर अर्थग्रहण करून घ्यावे, ही नम्र विनंती. ज्या घरात आजवर कोणी कॉलेज पाहिले नाही, त्या घराला आपल्या पदवीचा पहिला उपयोग कदाचित तेथेच होईल.