यंत्राचा मसुदा आणि माणसाची सही

मुंबईच्या अँटॉप हिल परिसरात दोन प्रकारची वस्ती शेजारी शेजारी नांदते. एका बाजूस केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची, सेक्टरवार विभागलेली विस्तीर्ण वसाहत आहे. दुसऱ्या बाजूस संगमनगर, कमलानगर यांसारख्या दाट वस्त्या आहेत. एकीकडील माणसे दिवसभर कार्यालयात टिपणी, पत्रे व आदेश लिहितात. दुसरीकडील माणसांना शिधापत्रिका, दाखले, पाणीजोडणी अशा गरजांसाठी कोणत्या ना कोणत्या कार्यालयाकडे अर्ज करावे लागतात. शासन आणि नागरिक यांना जोडणारा दुवा म्हणजे हा कागद होय. तो लिहिण्याच्या कामी गेल्या काही वर्षांत एक नवा मदतनीस उपलब्ध झाला आहे. त्याला चॅटबॉट म्हणतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या या साधनाचा उपयोग कोठे करावा आणि कोठे त्याच्यावर विसंबू नये, याचा विचार कागद लिहिणाऱ्याने आणि कागद स्वीकारणाऱ्याने, दोघांनीही करणे अगत्याचे आहे.

चॅटबॉट म्हणजे काय?

माणसाशी लेखी संवाद करणारे यंत्र ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत जोसेफ वायझेनबाऊम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाचा असा कार्यक्रम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्नरूपाने परत देणे एवढेच त्याचे सामर्थ्य होते. तरीही पुष्कळांना ते आपले म्हणणे समजून घेते असे वाटले. पुढे ठरावीक पर्याय देणारे चॅटबॉट आले. बृहन्मुंबई महानगरपालिकेने जानेवारी २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपवर सुरू केलेली सेवा या प्रकारची होती. तीत ८० हून अधिक सेवा व माहिती घरबसल्या मिळण्याची सोय करण्यात आली. असा चॅटबॉट कार्यालयाच्या खिडकीसारखा असतो. त्याला जेवढे नेमून दिले आहे तेवढेच तो सांगतो.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर जो चॅटबॉट प्रचारात आला त्याची जात निराळी आहे. प्रचंड प्रमाणातील लिखित मजकुरावरून तो भाषेची वळणे शिकलेला असतो. प्रश्न विचारला असता, कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे याचा हिशेब करीत तो उत्तर रचीत जातो. त्याची भाषा सफाईदार असते, परंतु सफाई म्हणजे सत्यता नव्हे. दप्तर उघडून नोंद पाहणे ही एक गोष्ट आणि दप्तरात शोभेल असे वाक्य रचणे ही दुसरी गोष्ट. अलीकडे काही चॅटबॉट संकेतस्थळे धुंडाळून आधारही दाखवितात. तथापि तो आधार उघडून वाचण्याचे काम माणसालाच करावे लागते.

लोक त्याचा उपयोग कशासाठी करतात?

चॅटजीपीटी चालविणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी विद्यापीठीय अर्थशास्त्रज्ञांच्या साहाय्याने केलेला एक अभ्यास सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. जुलै २०२५ पर्यंत आठवड्याला सुमारे ७० कोटी लोक या एका साधनाचा वापर करू लागले होते, असे त्यात नमूद आहे. सत्तर टक्क्यांहून अधिक संदेश नोकरीच्या कामाबाहेरचे होते. व्यवहारातील मार्गदर्शन, माहिती मिळविणे आणि लेखन या तीन कारणांसाठी मिळून सुमारे ८० टक्के संभाषणे होत होती. नोकरीच्या कामात लेखनाचा क्रमांक पहिला होता.

या अभ्यासातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. लेखनासाठी आलेल्या मागण्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश मागण्या नवा मजकूर लिहून देण्याच्या नव्हत्या. स्वतःच दिलेला मजकूर सुधारणे, त्याचा सारांश करणे किंवा भाषांतर करणे अशा त्या होत्या. आशय आपला आणि घडण यंत्राची, ही विभागणी लोकांनी व्यवहारातूनच स्वीकारली आहे. तीच सर्वांत सुरक्षितही आहे.

शासनानेही या साधनाचा अवलंब केला आहे. पंतप्रधान किसान सन्मान निधी योजनेविषयीच्या शंकांसाठी ‘किसान ई-मित्र’ हा चॅटबॉट सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू करण्यात आला. राज्यातील शेतकऱ्यांसाठी ‘महाविस्तार’ हे अॅप मे २०२५ मध्ये उपलब्ध झाले. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना बोलून विचारता यावे, या दृष्टीने अशा सेवांचे महत्त्व मोठे आहे.

माहितीच्या अर्जाचे उदाहरण

चॅटबॉटची चूक कशी होऊ शकते हे पाहण्यासाठी माहिती अधिकाराच्या अर्जाचे उदाहरण घेता येईल. अँटॉप हिलचा परिसर महानगरपालिकेच्या एफ/उत्तर विभागात मोडतो. एखाद्या रहिवाशास आपल्या गल्लीतील गटाराच्या कामाविषयी या विभागाकडून माहिती हवी आहे आणि शेजारच्या वसाहतीतील कर्मचाऱ्यास आपल्या निवासस्थानाच्या दुरुस्तीविषयी केंद्र सरकारच्या कार्यालयाकडून माहिती हवी आहे, असे समजू. कायदा दोघांनाही एकच, म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. नियम मात्र भिन्न आहेत. केंद्राच्या २०१२ च्या नियमांनुसार अर्ज साधारणतः ५०० शब्दांपर्यंत असावा. महाराष्ट्रात २०१२ मध्येच झालेल्या सुधारणेनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः १५० शब्दांच्या आत असावा लागतो.

चॅटबॉटला केवळ ‘माहितीचा अर्ज लिहून दे’ असे सांगितले, तर तो चार विषयांचा, चारशे शब्दांचा सुबक अर्ज देऊ शकेल. केंद्रीय कार्यालयाच्या दृष्टीने त्याची लांबी नियमात बसेल. विभाग कार्यालयात तोच अर्ज त्रुटीपोटी अडकण्याचा संभव आहे. अर्जदाराचे दिवस वाया जातील आणि चूक कोठे झाली हे त्याला उमजणारही नाही. उलटपक्षी, अर्ज कोणत्या कार्यालयाकडे आहे, विषय कोणता आणि शब्दमर्यादा किती हे आधी स्वतः ठरवून सांगितले, तर तेच यंत्र दीडशे शब्दांत नेमका अर्ज बसवून देईल.

उच्च न्यायालयाने दिलेला धडा

नागरिकाच्या चुकीने त्याचा स्वतःचा वेळ जातो. अधिकाऱ्याच्या चुकीने मात्र दुसऱ्याचा हक्क बाधित होतो. याचे उदाहरण ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. आयकराच्या चेहराविरहित पद्धतीने केलेल्या एका आकारणीत, एका कंपनीने सुमारे ३ कोटी ९ लाख रुपये दाखविलेले उत्पन्न सुमारे २७ कोटी ९१ लाख रुपये ठरविण्यात आले होते. त्या आदेशात ज्या तीन न्यायनिवाड्यांचा आधार देण्यात आला होता, ते निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते. दुसरीकडे, पुरवठादाराने कागदपत्रांसह पाठविलेल्या उत्तराची दखल मात्र घेण्यात आली नव्हती.

न्यायालयाने तो आदेश रद्द करून नव्याने सुनावणी घेण्यास सांगितले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने पुढे केलेल्या निष्कर्षांवर भिस्त ठेवण्याची प्रवृत्ती होते. परंतु अर्धन्यायिक काम करताना असे निष्कर्ष पडताळून पाहिल्याविना वापरता येणार नाहीत, असा न्यायालयाच्या अभिप्रायाचा आशय होता. जो निवाडा कधी झालाच नाही, त्याला उत्तर तरी कसे द्यायचे? बाजू मांडण्याची संधी कागदोपत्री दिली, तरी अशा वेळी ती पोकळ ठरते. तलाठी कार्यालयातील फेरफाराची नोंद असो, ग्रामपंचायतीची नोटीस असो वा शाळेने प्रवेश नाकारल्याचे पत्र असो, हेच तत्त्व तेथेही लागू पडते.

जबाबदारी कोणाची?

‘यंत्राने चूक केली’ ही सबब चालत नाही. कॅनडात एका प्रवाशाला एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. चॅटबॉट आपल्या बोलण्यास स्वतः जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने तो फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला आणि कंपनीस भरपाई देण्यास सांगितले. संस्थेच्या नावाने जे बोलले जाते ते संस्थेचेच बोलणे असते.

गोपनीयतेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ च्या आदेशाद्वारे कार्यालयीन संगणकांवर अशी साधने न वापरण्याची सूचना आपल्या कर्मचाऱ्यांना दिली होती. शासकीय माहिती बाहेरच्या यंत्रणेकडे जाण्याचा धोका हे त्यामागील कारण होते. लाभार्थ्याचा आधार क्रमांक, विद्यार्थ्याचा आजार, तक्रारदाराचे नाव या गोष्टी चॅटबॉटला देण्याचे काहीही कारण नाही. नाव वगळूनही पत्राचा मसुदा सुधारता येतो.

योग्य कार्यपद्धती

यावरून काही सोपे नियम सांगता येतील. पहिला, वस्तुस्थिती, नियम आणि आकडे आपण पुरवावेत व भाषा यंत्राकडून नीट करून घ्यावी. दुसरा, यंत्राने कलम, निवाडा वा शासन निर्णय सांगितल्यास मूळ दस्तऐवज हाती येईपर्यंत तो वापरू नये. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरील शासन निर्णयाच्या अखेरीस त्याचा १८ अंकी संकेतांक दिलेला असतो. त्याच्या आधारे मूळ निर्णय काही क्षणांत पाहता येतो. तिसरा, रक्कम, मुदत आणि पात्रता या तीन गोष्टी प्रत्येक मसुद्यात पुन्हा तपासाव्यात.

शिक्षकांना या साधनातून चांगला पाठही घेता येईल. चॅटबॉटने दिलेले एखादे उत्तर वर्गापुढे ठेवून, पाठ्यपुस्तकाच्या आधारे त्यातील चुका शोधण्यास विद्यार्थ्यांना सांगावे. वाचलेल्या वाक्याला आधार विचारण्याची सवय त्यातून लागेल. ग्रामसेवकांना ग्रामसभेच्या इतिवृत्ताची भाषा सुटसुटीत करून घेता येईल. परंतु कोण उपस्थित होते आणि कोणता ठराव मंजूर झाला हे सभेतील नोंदीवरूनच लिहिले गेले पाहिजे.

पूर्वी कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस अर्ज लिहून देई आणि तो वाचूनही दाखवी. सही वा अंगठा मात्र अर्जदाराचाच असे. नवा लेखनिक अधिक वेगवान आहे, अनेक भाषा जाणतो आणि रात्री-अपरात्रीही हजर असतो. पण तो लेखनिकच आहे, साक्षीदार नव्हे. अँटॉप हिलच्या वस्तीतून निघालेला अर्ज असो वा वसाहतीतील कर्मचाऱ्याने लिहिलेला आदेश असो, त्याखाली सही करणाऱ्याने तो शब्दशः वाचलेला आणि पडताळलेला असला, तरच त्या कागदावर दोन्ही बाजूंना विश्वास ठेवता येईल.