ग्रुप राइडचा हिशेब शेपटाकडून

रविवारी पहाटे पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर सायकलींचे जथेच्या जथे दिसतात. बहुतेकांना राइडचा निरोप व्हॉट्सॲपवर एका ओळीत आलेला असतो: ‘पहाटे ५.३०, राजाराम पूल, पानशेत आणि परत, फ्री.’ यातला शेवटचा शब्द सोडला तर बाकी सगळं खरं असतं. फी घेतली नाही म्हणून खर्च टळत नाही. तो आधी ठरवून केला नाही, तर ज्याची सायकल वाटेत बसते त्याच्या वेळेतून वसूल होतो, कधी कधी हाडांतूनही.

म्हणून राइड काढणाऱ्याने हिशेबाला मागून सुरुवात करावी. पुढचे चौघे तुमच्याशिवायही पानशेतला पोचतात. पैसे लागतात ते शेवटच्या माणसाला सुखरूप घरी आणायला.

बारा जणांची राइड धरू. राजाराम पुलापासून खडकवासला, खानापूर, पानशेत आणि परत म्हणजे पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. पुढचे आकडे अंदाजे आहेत. दुकान आणि ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल.

पहिला खर्च ज्याचा त्याने करायचा. बरं हेल्मेट १,२०० ते ३,००० रुपयांत येतं. आत युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी हे मानक छापलेलं आहे ना, ते बघा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं. मागचा लाल दिवा ४०० ते १,००० रुपये. पहाटे निघणाऱ्यांनी यात काटकसर करू नये. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमची महागडी जर्सी दिसत नाही, दिवा दिसतो. आपल्या चाकाच्या मापाची एक ट्यूब प्रत्येकाकडे हवीच. सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेवढं बिलावर तपासा.

दुसरा खर्च सामायिक पिशवीचा, आणि तो बहुतेक ग्रुप करतच नाहीत. दोन जादा ट्यूब ६०० रुपये, छोटा पंप ८००, चेन तोडता येईल असा मल्टिटूल ९००, टायर लिव्हर आणि पॅच २००, चेन जोडायच्या कड्या २५०, प्रथमोपचाराचं सामान ६००. शिवाय प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसणारं पितळी ॲडॉप्टर, फार तर ५० रुपयांचं. रोडबाइकच्या बारीक व्हॉल्व्हमध्ये गावच्या पंक्चरवाल्याची नळी बसत नाही आणि हवा समोर असून भरता येत नाही, तेव्हा या पन्नास रुपयांची किंमत कळते. सगळे मिळून ३,४०० रुपये, म्हणजे माणशी तीनशेच्या आत, तेही एकदाच. जुन्या टायरचा बोटभर तुकडाही पिशवीत टाका. टायर चिरला तर आतून लावायला तोच लागतो आणि तो फुकट मिळतो.

ही पिशवी कुणाच्या पाठीवर द्यायची? ग्रुपमधल्या सगळ्यात दमदार गड्याच्या, आणि त्याला सगळ्यात मागे ठेवायचं. इथे बहुतेक लीडर चुकतात. दमदार माणूस पुढे लागतो, वेग वाढवतो आणि खडकवासल्याच्या आधीच ग्रुपचे तीन तुकडे होतात. मागे राहणाऱ्याला, ज्याला सगळे स्वीप म्हणतात, पंक्चर काढता यायला हवं आणि ताशी १४ किलोमीटरने चालताना त्याचं तोंड वाकडं होता कामा नये. त्याचा नाश्ता ग्रुपने द्यावा. बारा जणांच्या हिशेबात शंभर रुपये काहीच नाहीत, पण तेवढ्याने पुढच्या रविवारी तो पुन्हा मागे राहायला तयार होतो.

बॅकअप गाडी लागते का? अनुभवी बारा जणांना पाऊणशे किलोमीटरसाठी नाही लागत. तिघे-चौघे नवे असतील तर मात्र घ्या. मित्राची गाडी असेल तर सहा-सात लिटर पेट्रोल आणि चालवणाऱ्याचा नाश्ता धरून साडेआठशेच्या आसपास, माणशी सत्तर रुपये. ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी अर्ध्या दिवसाला अंदाजे तीन हजार, माणशी अडीचशे. पैसे देऊन गाडी घेत असाल तर पिवळ्या पाटीचीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

विम्यावर थोडं जास्त बोलायला हवं, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित बाब हीच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे. १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचं, अंशतः कायमच्या अपंगत्वासाठी एक लाखाचं संरक्षण मिळतं. वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे खात्यातून आपोआप जातात. म्हणून खात्यात तेव्हा शिल्लक हवी. राइडला येणाऱ्या प्रत्येकाकडे ही योजना असावी, अशी अट घालायला हरकत नाही. पण यातून दवाखान्याचं बिल भागत नाही, त्याला आरोग्य विमा वेगळाच लागतो. मोटार वाहनामुळे झालेल्या रस्ते अपघातात जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजना २०२५ मध्ये लागू झाली. तीत वाहन गुंतलेलं असावं लागतं; खड्ड्यात एकट्याने पडलेल्याने तिच्यावर विसंबू नये. १०८ची रुग्णवाहिका मोफत असते. प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा एक फोन नंबर लीडर आणि स्वीप दोघांकडेही लिहून ठेवलेला असावा.

काही गोष्टींना पैसा लागत नाही, फक्त निघताना दहा मिनिटं लागतात. प्रत्येक सायकलची हवा, ब्रेक आणि चेन बघा. हँडलच्या नळीची टोकं उघडी असतील तर बुचं बसवल्याशिवाय निघू देऊ नका, पडल्यावर ती पोटात घुसतात. सरासरी वेग आधीच सांगा, २० म्हटलं तर २०च, आणि चढावर लीडरनेच वर थांबायचं. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने भिडवून चालवायचं नाही. तो खड्डा चुकवायला वळला की मागचा आडवा होतो. ‘खड्डा’, ‘ब्रेकर’, ‘गाडी मागे’ हे पुढून मागे आणि मागून पुढे ओरडत पोचवायचं. रहदारी वाढली की एका रांगेत. नव्या माणसाला शेवटी टाकू नका, लीडरच्या लगेच मागे घ्या. तिथे वारा कमी लागतो आणि त्याचा दम लीडरला कळतो.

नाश्ता जाताना नको, येताना ठेवा, माणशी शंभरात भागतो. आणि घड्याळाकडे लक्ष असू द्या: नऊनंतर खडकवासल्याच्या चौपाटीवर गाड्यांची जत्रा भरते, त्यातून दमलेल्या बारा जणांना काढणं हे राइडमधलं सगळ्यात अवघड काम.

पिशवीचा खर्च एकदा झाला की मित्राच्या गाडीसह राइड माणशी पावणेदोनशे रुपयांत बसते, भाड्याच्या गाडीसह साडेतीनशेत. कुणी पैसे घेऊन राइड काढत असेल तर तो यापेक्षा जास्त घेणारच, त्याचा वेळ आहे. फक्त भरण्याआधी विचारा: मागे कोण असेल, किती जणांमागे एक लीडर, पावसाने रद्द झाली तर पैसे परत कधी. ‘सर्व जबाबदारी माझी’ असं तुमच्याकडून लिहून घेतलं म्हणून आयोजकाला हलगर्जीपणा माफ होत नाही. फी घेतली की तुम्ही ग्राहक आहात आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.