कलमाच्या चाकूसाठी चामड्याचा पट्टा

संत्र्याचा डोळा भरताना चाकू बोथट असल्यास साल चेंगरते, डोळा जुळत नाही व हंगाम वाया जातो. दगडावर धार लाविल्यानंतर कडेस राहणारी वळलेली बारीक कोर चामड्याने निघते.

तयार पट्टा नसल्यास बाभळीच्या सालीने कमावलेल्या जाड, सपाट चामड्याचा ५ सें. मी. रुंद व २५ सें. मी. लांब तुकडा घ्यावा. खरबरीत बाजू वर ठेवून तो सरळ फळीवर सरसाने चिकटवावा. वाळल्यावर गोडेतेलाचे दोन थेंब चोळावेत.

पात्याची पाठ पुढे ठेवून चाकू हलक्या हाताने ओढावा. धार पुढे केल्यास चामडे कापते. दोन्ही बाजूंस दहा-दहा वेळा ओढणे पुरे. ओढीच्या शेवटी पाते उचलून वळवू नये, धार गोल होते. कोवळी फांदी एका ओढीत स्वच्छ कापली गेल्यास चाकू कामास योग्य समजावा.