पत्र्याच्या शेडला आतून पत्र्याचं सीलिंग: खर्च की कमाई?

चंद्रपूरला मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जातो. वरचा पत्रा तर त्याहूनही तापतो. मग बांबूचं असो की फर्निचरचं, दुपारी काम बंदच पडतं. हिशोब करा: समजा पाच कारागीर, रोजचे चार तास, पन्नास दिवस. झाले 1000 तास, आणि तेही ऐन लग्नसराईत! सीलिंगचं कोटेशन या आकड्याशेजारी ठेवून बघा.

आता काम. आधी वरची गळती बंद करा, नंतर ती सापडत नाही. मग वरच्या पत्र्याखाली निदान सहा इंच जागा सोडून चौकोनी पाइपची फ्रेम करा आणि तिला पातळ पत्रा सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने बसवा. रंगीत पत्रा दिसायला छान, पण साधा चकचकीत बरा. तो उष्णता खाली कमी फेकतो. मधली हवा कोंडली तर सगळा खर्च वाया. वळचणीला आणि आढ्याला फट ठेवा, तिथून गरम हवा निघून जाते. फटीला जाळी मात्र लावा, नाहीतर वटवाघळं आलीच म्हणून समजा.

पंखा पत्र्याला नाही, ट्रसला टांगायचा. वायरिंग पाइपमधूनच न्या. एक स्क्रू वायरमध्ये घुसला की अख्ख्या छतात करंट उतरतो, म्हणून सीलिंगला अर्थिंग हवंच. आरसीसीबी बसवून, टेस्ट बटण दाबून बघितल्याशिवाय कारागिरांना आत पाठवू नका.